चौथ्या रिळातलं रडणं

“बाई, खरं सांगा, तुम्हाला काहीच वास येत नाही?” पहिलवानाने उघडा डबा बाईंच्या नाकाखाली धरला. “माझ्या तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं.”

बाईंनी डब्यात वाकून खोल श्वास घेतला. पत्र्याचा गारवा तेवढा जाणवला. बाकी काही नाही.

“माझं नाक कधीच पेन्शनीत निघालं,” त्या म्हणाल्या. “कसला येतोय?”

“आंबट. व्हिनेगरची बाटली फुटल्यासारखा. भिंतीतून येतोय, जमिनीतून येतोय, आता माझ्या शर्टातूनही येतोय. काल बायकोनं दारातच अडवलं. म्हणाली, आधी आंघोळ, मग घरात.”

“ती रोजच म्हणत असेल.”

“रोज म्हणते, पण ते वेगळ्या वासासाठी.”

पहिलवान म्हणजे गोदामातला हमाल. अंगानं काडी, पण रिळांनी भरलेल्या लोखंडी पेट्या खांद्यावर टाकून तो अशी काही धाव घ्यायचा, की कोणीतरी गमतीनं दिलेलं नाव त्याला कायमचं चिकटलं. हे गोदाम चित्रपटांच्या प्रिंट्सचं. इथून पेट्या थिएटरांकडे जायच्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी फाटक्यातुटक्या होऊन परत यायच्या. मग त्या बाईंच्या टेबलावर चढायच्या. टेबलाच्या दोन टोकांना दोन चाकं, एका चाकावरचं रीळ दुसऱ्यावर गुंडाळायचं आणि मधे पट्टीच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून जाऊ द्यायच्या. फाटकी कड बोटाला लागते. लागली की थांबायचं, कापायचं, जोडायचं, द्रावणानं पुसायचं, पुढे जायचं. असं करत बाईंचं सगळं आयुष्य त्या टेबलाशी गेलं आणि द्रावणाच्या वाफेत नाकही गेलं. आता थिएटरांना रिळं लागत नव्हती. पण रिळांचं करायचं काय, हे कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून गोदाम भरलेलं होतं आणि बाईंची नोकरीही शिल्लक होती.

“मावशी, इकडे या जरा,” आतल्या खोलीतून हाक आली.

हाक लॅबवालीची. ती मोठ्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतून आली होती. वयानं लहान, बोलायला मोकळी, खिशात चिमटा आणि पाठीवर पिशवी. आदल्या दिवशी तिने खोलीतल्या डब्याडब्यात कागदाची एकेक निळी पट्टी टाकून ठेवली होती. आता ती डबे उघडून पट्ट्या चिमट्याने बाहेर काढत होती.

“हे बघा. निळी राहिली तर रीळ ठणठणीत. हिरवी झाली तर आजारी. आणि पिवळी झाली,” तिने खांदे उडवले, “तर मग काही करण्यासारखं नाही.”

“कसला आजार पण?” पहिलवान म्हणाला. “प्लॅस्टिकच ना हे?”

“प्लॅस्टिकच. पण सडणारं. दमट हवा आणि उकाडा लागला की त्यातून थोडं थोडं आम्ल सुटतं. तेच हे, तुम्हाला वास येतोय ते. आणि ते आम्ल परत त्याच फिल्मला खातं. म्हणून एकदा सुरू झालं की थांबत नाही, उलट जोर धरतं. शेजारच्या डब्यांनाही लागण होते.”

“म्हणजे साथच की.”

“साथच. आणि साथीला सुरुवात एका घरातून होते. ते घर शोधायचंय.”

ती रंगांच्या मागोमाग चालली होती. दाराजवळच्या कपाटातल्या पट्ट्या निळ्या होत्या. मधल्या कपाटात निळ्यावर हिरवी झाक. त्याच्या पुढे हिरव्या. ती एकेक पट्टी कपाटाच्या कडेला चिकटवत पुढे सरकत होती आणि तिच्या मागे कपाटांवर निळ्याकडून हिरव्याकडे जाणारी एक वाट उमटत होती. ती वाट कुठे चालली आहे, हे बाईंना तिच्याआधी कळलं.

“त्या कोपऱ्यात काही नाही,” त्या म्हणाल्या. “जुनी प्रिंट आहे एक. कोणी मागत नाही.”

“असू दे, काल तिथेही पट्ट्या टाकल्यात, बघते तरी.”

“वरच्या फळीवर आहे. शिडी कालच मोडलीय.”

“मी आहे ना,” पहिलवान म्हणाला आणि दोन पेट्या एकावर एक ठेवून वर चढलासुद्धा. बाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की एरवी तो तिथल्या तिथे उतरला असता. पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

त्याने एकेक डबा खाली दिला. तीन नंबरच्या डब्यातली पट्टी पिवळट हिरवी होती. पाच नंबरचीही तशीच. चार नंबरच्या डब्यात पट्टीच नव्हती, कारण तो डबा लॅबवालीने काल उघडलाच नव्हता. तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला होता, पिशवीला गाठ होती, गाठीवरून चिकटपट्टीचे वेढे होते आणि त्यावरून पुन्हा एक पिशवी.

“बाप रे,” लॅबवाली म्हणाली. “काल मला वाटलं, कोणाचा तरी जेवणाचा डबा विसरून राहिलाय, म्हणून सोडून दिला.” तिने कात्री काढली.

पहिलवान दोन पावलं मागे सरला. “आई गं! हे काय आहे!”

बाईंना तेव्हाही वास आला नाही. पण डोळे चुरचुरले. झाकण निघालं आणि त्यांनी आत बघितलं. रिळाच्या कडा सपाट असायला हव्यात, त्या वाळलेल्या पानासारख्या वरखाली झाल्या होत्या. वेढ्यावेढ्यांमधे पांढरी भुकटी साठली होती. लॅबवालीने बाहेरचा पदर चिमट्याने हलकेच उचलला, तर तो करकरला.

“हेच ते घर,” ती म्हणाली. मग पिशवीकडे बघून, “कोणी बांधला होता हा?”

पहिलवानाला अचानक छताचं निरीक्षण करावंसं वाटलं.

“मी,” बाई म्हणाल्या.

लॅबवाली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कात्री मिटली आणि आवाज खाली आणला. “मावशी, सगळीकडे हेच बघते मी. जो डबा सगळ्यांत जपलेला असतो, तोच आधी जातो. आतलं आम्ल आतच कोंडतं ना. बाहेर पडायला पुरेशी वाट नाही, मग ते फिल्मलाच खातं आणि उरलेलं झिरपत शेजारच्यांना लागतं. हवा लागायला हवी होती.”

बाईंनी मान हलवली. हे वाक्य त्यांना नवीन नव्हतं. एकदा एका डॉक्टरांच्या तोंडून, अगदी असंच, आवाज खाली आणून म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं.

“आजारी डबे सगळे आजच हलवायचेत,” लॅबवाली म्हणाली. “चहाच्या सुमाराला ट्रक येईल.”

“नेऊन काय करतात?”

“नष्ट करतात, मावशी.”

*

त्याला सगळे ढब्बू म्हणायचे. खरं नाव ठेवलेलं होतं, पण ते तोंडात बसण्याआधीच सगळं आटोपलं.

बाळंतपणानंतर बाई लवकर कामावर परतल्या होत्या. टेबलाखाली प्रिंटची एक रिकामी पेटी, तिच्यात घडी घातलेली चादर आणि चादरीत ढब्बू. चाकांची घरघर सुरू झाली की तो झोपायचा आणि थांबली की डोळे उघडायचा. त्याचे वडील याच इमारतीत वरच्या मजल्यावर ऑपरेटर होते. थिएटरांचे लोक प्रिंट ठरवण्याआधी बघायला यायचे, त्यांना ती छोट्या प्रिव्ह्यू हॉलमधे चालवून दाखवायची, हे त्यांचं काम. जेवणाच्या सुट्टीत ते खाली यायचे आणि पेटीत डोकं घालून बसायचे. “हा माझ्याकडे बघून हसतोय,” ते म्हणायचे. “गॅस झालाय त्याला,” बाई म्हणायच्या.

एका दुपारी एक ध्वनिमुद्रक ऑपरेटरांकडून आपलं यंत्र दुरुस्त करून घ्यायला आला होता. त्याच्या चित्रपटात तान्ह्या मुलाचं रडणं हवं होतं आणि जे मिळालं होतं ते त्याला पसंत नव्हतं. “ते मूल रडत नाही हो, तक्रार करतं,” तो म्हणाला. तेवढ्यात पेटीतून ढब्बूने सूर लावला. ध्वनिमुद्रक उभाच राहिला. “हे! हे मला द्या!”

प्रिव्ह्यू हॉलमधे पडदे ओढले, माइक लावला, ढब्बूला खुर्चीवर ठेवलं. आणि ढब्बू हसायला लागला. माइक त्याला फार आवडला. भुकेची वेळ झाली तरी हसला. पहिलवान तेव्हा नुकताच लागलेला. त्याने राक्षसासारखं तोंड करून दाखवलं, तर ढब्बूला उचक्या लागेपर्यंत हसू आलं. “चिमटा काढू का?” पहिलवानाने विचारलं. “तुलाच काढीन,” बाई म्हणाल्या. शेवटी ऑपरेटर म्हणाले, “थांबा,” आणि त्यांनी दिवा मालवला.

अंधारात क्षणभर काही नाही. मग ढब्बू रडला. आधी एक प्रश्नासारखा बारीक आवाज, मग श्वास आत ओढल्याचा सुस्कारा आणि मग सगळं अंग एकवटून हंबरडा. ध्वनिमुद्रकाने बोट वर करून थांबायची खूण केली, ती अंधारात कोणाला दिसलीच नाही. दिवा लागला, तेव्हा ढब्बू बापाच्या खांद्यावर होता.

पुढच्या थंडीत त्याला ताप आला. थंडी बाधेल म्हणून घरातल्या बायकांनी सांगितलं तसं बाईंनी त्याला गुंडाळलं, त्यावर शाल, त्यावर रजई. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी एकेक पदर बाजूला केला आणि मग ते बोलले.

ऑपरेटरांनी आठवड्याच्या आत पाळणा देऊन टाकला. पेटीतली चादरही कुठेतरी गेली. ते त्या दिवसानंतर ढब्बूचं नाव घेईनात. बाईंनी एकदा घेतलं, तर ते उठून हात धुवायला गेले. आपला नवरा विसरायला लागला आहे, असं बाईंना वाटलं. काही लोकांना जमतं.

मग ती प्रिंट आली. कौटुंबिक, रडका, कोणाच्या फारसा लक्षात न राहणारा चित्रपट. नवी प्रिंट म्हणून प्रिव्ह्यूला लावली आणि सवयीने बाई मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. चौथ्या रिळात नायिका एका बंद दाराबाहेर येऊन थांबते. पडद्यावर नुसतं दार. दारामागून मूल रडतं. एक बारीक प्रश्न, एक सुस्कारा आणि मग हंबरडा. बाईंचे कपडे छातीपाशी ओले झाले. महिना होऊन गेला होता, तरी दूध उतरलं. छातीवर हात दाबून त्या अंधारातून बाहेर आल्या आणि पुन्हा कधी तो आवाज ऐकायला गेल्या नाहीत.

ऐकायची त्यांना गरजही पडली नाही. फिल्मच्या पट्टीवर चित्रांच्या बाजूने आवाजाची एक पांढरी रेघ जाते. शांतता असेल तिथे ती सरळ आणि बारीक असते. आवाज असेल तिथे तिला दोन्हीकडे दाते फुटतात. प्रिंट थिएटरांतून फिरून आली की चौथं रीळ बाई सगळ्यांत शेवटी घ्यायच्या. बंद दाराची चित्रचौकट आली की हात मंद व्हायचा. दार, दार, दार आणि बाजूला ती रेघ. आधी एक बारीक थरथर, मग एक पातळ मोकळी जागा, मग उंचच उंच दाते. त्या भिंग लावायच्या. तिथे कड कधी फाटलेली मिळाली तर श्वास रोखून जोडायच्या, एकही चौकट न कापता.

*

काही वर्षांनी त्या प्रिंटला मागणी राहिली नाही. ती कोपऱ्यात वरच्या फळीवर गेली. आणि मग ते सुरू झालं.

तपासून झालेलं रीळ नेहमी सुरुवात बाहेर ठेवून गुंडाळतात. गोदामात त्याला ‘डोकं बाहेर’ म्हणतात. मशीनवर चाललं की ते उलटं होतं, शेवट बाहेर येतो. त्याला ‘शेपूट बाहेर’. बाईंनी एकदा सहज चार नंबरचा डबा उघडला, तर शेपूट बाहेर. आपणच चुकलो असू, असं म्हणून त्यांनी ते पुन्हा गुंडाळून ठेवलं. काही महिन्यांनी बघितलं, पुन्हा शेपूट बाहेर. प्रिंट तर गोदामाबाहेर गेली नव्हती.

त्याच सुमाराला पहिलवान जेवताना म्हणाला, “दुपारी कोणाला ऐकू येतं का? मूल रडल्यासारखं. हवेच्या झरोक्यातून.”

“मांजर असेल,” कोणीतरी म्हणालं.

“बोका आहे. आवाजात दुःख आहे. बायको माहेरी गेली असेल.”

सगळे हसले. बाईंनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी उठून खोलीत जाऊन डबा उघडला. शेपूट बाहेर. रिळावर हात ठेवला, तर ते किंचित कोमट वाटलं. वाटलं की होतं, हे त्या कधीच ठरवू शकल्या नाहीत. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण रात्री अंथरुणावर नवऱ्याच्या पाठीकडे बघत त्यांना वाटायचं, की ते रीळ अंधाऱ्या डब्यात आपोआप उलगडत जातं, दारापर्यंत पोचतं आणि तिथे कोणी दार उघडायला नसतं. मूल अंधारात रडतं. त्याला अंधारातच रडता येतं.

एका शनिवारी सगळे गेल्यावर त्यांनी रीळ डोकं बाहेर करून नीट गुंडाळलं, डबा पिशवीत घातला, गाठ मारली, चिकटपट्टीचे वेढे दिले आणि वर दुसरी पिशवी चढवली. “निज आता,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर रडणं थांबलं. “बोका गेला वाटतं,” पहिलवान म्हणाला, “समेट झाला असेल.”

*

चार नंबरचा डबा छातीशी धरून बाई जिना चढल्या. ऑपरेटर केबिनमधे मशीनची लेन्स पुसत बसले होते. मशीन चालून कितीतरी वर्षं झाली होती, लेन्स ते रोज पुसत.

“जेवायचं नाही का?” ते म्हणाले. मग त्यांनी डबा बघितला आणि फडकं खाली ठेवलं.

“हे आज जाणार,” बाई म्हणाल्या. “नासलंय. ट्रकमधे घालून नेणार सगळं.”

ऑपरेटरांनी एक खुर्ची पुढे सरकवली.

“एकदा लावाल का?” बाई म्हणाल्या. “मला ऐकायचंय. चौथं रीळ आहे, तुम्हाला आठवत नसेल...”

“बंद दार,” ऑपरेटर म्हणाले. “त्याच्याआधी ती पायऱ्या चढते. तिच्या पैंजणांचा आवाज थांबतो. मग तो.”

बाई खुर्चीवर बसल्या. डबा त्यांनी मांडीवर ठेवला. त्या म्हणाल्या, “शेपूट बाहेर असायचं.”

“हो.”

“तुम्ही.”

“हॉलचा स्पीकर बंद ठेवायचो. केबिनमधला छोटा तेवढा लावायचो. तुम्ही सगळे खाली जेवायला बसलात की. ते झरोक्यातून खाली जात असेल, हे डोक्यातच आलं नाही.” ते हात एकमेकांवर घासत होते. “झाल्यावर उलटं गुंडाळून ठेवायला हवं, हे कळायचं. पण हात उचलायचा नाही. नुकता शांत झालेला असायचा.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू उठून गेली होतीस त्या दिवशी. मला वाटलं, तुला सहन होत नाही. मी कशाला पुन्हा...” ते थांबले. “मग एक दिवस डबा बघितला, तर पिशवी, गाठ, चिकटपट्टी. म्हटलं, हिला कळलं. हिला हे नकोय. मग नाही हात लावला.”

“मला वाटलं, तुम्ही विसरलात.”

“वेडी आहेस का गं तू?” ऑपरेटर म्हणाले.

बाईंना म्हणायचं होतं की मी त्याला कोंडलं, दुसऱ्यांदा कोंडलं. पण त्यांनी नुसता डबा पुढे केला. ऑपरेटरांनी डब्याचं झाकण काढलं, वासाने मान फिरवली आणि पुन्हा वळून रिळावर बोट ठेवलं. कड करकरली.

“मशीनवर नाही चालणार,” ते म्हणाले. “आकसलंय. कडेची भोकं मशीनच्या दात्यांवर बसायची नाहीत, पहिल्याच फेऱ्यात तुकडे होतील.” त्यांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं. “थांब जरा.”

कपाटाच्या तळातून त्यांनी एक लोखंडी ठोकळा काढला. पूर्वी प्रिंटचा आवाज टेबलावरच तपासायला वापरायचे ते यंत्र. त्यात एक छोटा दिवा, दिव्यासमोर एक फट आणि पलीकडे तो उजेड ऐकणारा डोळा. फिल्म त्या फटीसमोरून हाताने ओढायची. मशीनचे दाते लागत नाहीत. त्यांनी ते केबिनच्या गुंडाळायच्या टेबलावर, दोन चाकांच्या मधे बसवलं, वायर स्पीकरला जोडली. दिवा पेटतो का, हेच आश्चर्य होतं. तो पेटला.

“एकदाच होईल,” ऑपरेटर म्हणाले. “फटीतून गेली की मागे तुटत जाईल ती.”

“माहीत आहे.”

“चाक तू फिरव. तुझा हात हलका आहे. मी इकडून सोडतो.”

सवयीने त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. इतकी वर्षं आधी दिवा मालवायचा आणि मग आवाज सुरू करायचा.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “दिवा असू दे.”

ऑपरेटरांनी हात खाली घेतला.

बाईंनी चाक फिरवलं. फिल्म करकरत पुढे सरकली, तिच्यावरून चित्राचे पापुद्रे गळून टेबलावर पडायला लागले. स्पीकरमधून खरखर आली, मग तिच्याआडून पायऱ्यांवरची पावलं, मग पैंजण थांबले. बाईंना बोटांखाली दार कळलं. इथे त्यांचा हात नेहमी मंद व्हायचा. आजही झाला.

स्पीकरमधून जो आवाज आला, तो तान्ह्या मुलाचा नव्हता. खोल, भरदार, सावकाश असा एका मोठ्या माणसाचा आवाज आला. एक प्रश्न. एक लांब श्वास. मग घसा मोकळा करून काहीतरी सांगायला सुरुवात करावी तसा हुंकार.

फिल्म हळू फिरली की आवाज खाली उतरतो, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. रिळं हाताळणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असतं. तरी ऑपरेटरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“जरा वेगानं फिरवू का?” बाई म्हणाल्या.

“नको,” ऑपरेटर म्हणाले. “आहे तसंच. थांबू नकोस.”

त्या थांबल्या नाहीत. दार, दार, दार. तो माणूस बोलत राहिला. शब्द नव्हते, पण चढउतार होते, मधेच दम घेणं होतं. एकदा तो ऑपरेटरांसारखा घशात घोगरला, तेव्हा बाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांनीही नेमकं तेव्हाच वर बघितलं. चाकाच्या या बाजूला अखंड फिल्म कमी कमी होत गेली, त्या बाजूला तुकडे साठत गेले.

जिन्यावर पावलं वाजली. दारावर थाप पडली.

“बाई, ट्रक आलाय,” बाहेरून पहिलवान म्हणाला. मग जरा थांबून, कुतूहलाने, “आत कोण आलंय? कोणा पुरुषाचा आवाज येतोय.”

बाईंनी हात चालू ठेवला. “घरातलंच आहे,” त्या म्हणाल्या. “आलेच.”

पहिलवान एरवी यावर काहीतरी बोलला असता. तो बाहेर नुसता उभा राहिला. शेवटचे दाते फटीसमोरून गेले, हुंकार विझत विझत खरखरीत मिसळला आणि रेघ सरळ झाली.

ऑपरेटरांनी ठोकळ्यातला दिवा बंद केला. बाईंनी तुकडे ओंजळीने गोळा केले, टेबलावर पडलेले पापुद्रेसुद्धा तळहाताने पुसून घेतले आणि सगळं डब्यात ठेवलं. दार उघडून डबा पहिलवानाच्या हातात दिला.

“झाकण पक्कं बसलेलं नाही, बाई,” पहिलवान म्हणाला आणि दाबायला गेला.

“दाबू नकोस,” बाई म्हणाल्या. “असंच ने. सावकाश ने.”

जिना संपेपर्यंत झाकण हलकेच वाजत राहिलं. बाई आणि ऑपरेटर वरच्या पायरीवर उभे राहून ते ऐकत होते.